जागचे न हलणारे

विंडोज एक्सपीच्या काळात डिस्क डीफ्रॅगमेंटर उघडला की पडद्यावर दोन आडव्या पट्ट्या यायच्या. वरच्या पट्टीत कामाआधीची डिस्क, खालच्या पट्टीत काम होत जाईल तशी बदलणारी. लाल रेघा म्हणजे तुकडे झालेल्या फाइली, निळ्या म्हणजे सलग फाइली, पांढरी म्हणजे रिकामी जागा. तास-दीड तासात खालच्या पट्टीतला लाल रंग ओसरत जायचा आणि निळा एकत्र यायचा. पोरं खुर्च्या ओढून बघत बसायची. मधेच कुठेतरी दोन-तीन हिरव्या रेघा असायच्या. पहिल्या मिनिटाला जिथे, शेवटच्या मिनिटालाही तिथेच. आजूबाजूचं सगळं सरकायचं आणि या रेघांपाशी आलं की निळा पट्टा तुटायचा.

"सर, हे हिरवं काहून हालत नाही?"

पुसदच्या क्लासमध्ये हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारला आहे. एमएस-सीआयटी सुरू झाल्यानंतरच्या वर्षांत आजूबाजूच्या खेड्यांतून, तांड्यांवरून एसटीने येणारी मुलं आमच्याकडे पहिल्यांदा संगणकाला हात लावत होती. त्यांना मी एक ठरलेलं उत्तर द्यायचो: त्या सिस्टिमच्या फाइली आहेत, त्या चालू असतात, म्हणून हलवता येत नाहीत. बरीच वर्षं ते खपलं. मग एका मुलीने काम संपल्यावरचा अहवाल उघडला, न जुळलेल्या फाइलींची यादी वाचली आणि विचारलं, "वर्डची फाइल पण उघडीच आहे ना सर? तिचं नाव तर यादीत नाही." माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ही पुस्तिका त्या दिवशी सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही. दुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्या, शाळा-कचेऱ्यांतले जुने संगणक चालते ठेवणाऱ्या मुलांसाठी ती लिहिली आहे. पुढच्या प्रकरणांत कृती आहेत, इथे फक्त त्यामागचं कारण सांगतो.

तुकडे म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आजोबांचं एकच वावर असतं. वाटण्या होतात, मधला एक हिस्सा विकला जातो, पुढे दुसरीकडे दोन एकर घेतले जातात, आणि नातवाची सहा एकर चार ठिकाणी पसरते. बैलजोडी या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर नेण्यातच अर्धा दिवस जातो. डिस्कवरही नेमकं हेच होतं. फाइल लिहिताना सलग जागा मिळाली नाही की ती मिळेल तिथे तुकड्या-तुकड्यांनी लिहिली जाते. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर जागा साधारणपणे ४ केबीच्या घरांत मोजली जाते. या घराला क्लस्टर म्हणतात. ४ एमबीच्या फाइलला अशी १०२४ घरं लागतात. ती सलग असतील तर डिस्कचं डोकं एकदा जागेवर जाऊन बसतं आणि खालून तबकडी फिरत जाते. तीच फाइल २०० तुकड्यांत असेल तर डोक्याला २०० वेळा उठावं लागतं. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची, म्हणजे हवी ती जागा खाली येण्यासाठी सरासरी ४ मिलिसेकंद थांबायचं. त्यात डोकं सरकण्याचे सुमारे ९ धरले तर एका उडीला १३ मिलिसेकंद होतात. २०० उड्यांचे अडीच सेकंदांहून जास्त झाले, आणि ही एकाच फाइलची गोष्ट. संगणक सुरू होताना अशा शेकडो फाइली वाचल्या जातात. "सर, कॉम्प्युटर उठायलाच पाच मिनिटं घेते" ही तक्रार इथून येते.

जमिनीच्या तुकड्यांवर मुंबई प्रांतात १९४७ साली कायदा झाला, तुकडे पाडायला बंदी आणि पडलेल्या तुकड्यांचं एकत्रीकरण. हा कायदा पुढे सगळ्या महाराष्ट्राला लागू झाला. ज्या गावांत एकत्रीकरणाची योजना पार पडली तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. डीफ्रॅगमेंटेशन हे डिस्कचं एकत्रीकरण आहे. तिथेही एक दप्तर असतं. कोणत्या फाइलची घरं कुठून कुठपर्यंत आहेत ते मास्टर फाइल टेबलमध्ये, म्हणजे एमएफटीमध्ये लिहिलेलं असतं. कोणतं घर भरलेलं, कोणतं रिकामं, त्याचा वेगळा नकाशा असतो. हे दप्तर सांभाळणारी फाइल सिस्टिम म्हणजे आमचे पटवारी. फाइल हलवायची तर डीफ्रॅगमेंटर स्वतः काहीच उचलत नाही, तो पटवाऱ्याकडे अर्ज करतो. पटवारी आधी मजकूर नव्या जागी उतरवतो, मग दप्तरात फेरफार घेतो, मगच जुनी जागा रिकामी म्हणून नोंदवतो. नोंदींची एक रोजवहीही ठेवली जाते, त्यामुळे मधेच वीज गेली तरी फाइल जुन्या किंवा नव्या जागी शाबूत सापडते. लोडशेडिंगच्या वर्षांत या रोजवहीचे उपकार आम्ही फार वेळा अनुभवले. त्याआधी विंडोज ९८ वर काम करताना वीज गेली की पोटात गोळा यायचा, पुढच्या वेळी संगणक सुरू होताना स्कॅनडिस्क हरवलेल्या क्लस्टरांची यादी वाचत बसायचा.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर या पटवाऱ्यापाशीच होतं. वर्डची फाइल उघडी होती खरी, पण वर्डला तिची घरं कुठे आहेत ते ठाऊकच नसतं. त्याला फक्त नाव ठाऊक असतं. पुढची ओळ हवी असली की तो पटवाऱ्याला विचारतो, पटवारी दप्तर बघून आणून देतो. फाइल मधल्या काळात डिस्कच्या या टोकावरून त्या टोकाला गेली तरी वर्डला कळत नाही, कळायची गरजही नाही. म्हणजे फाइल चालू असणं हे न हलण्याचं कारण नव्हतं. जी फाइल हलत नाही तिचा पत्ता दप्तराबाहेर कुणीतरी लिहून ठेवलेला असतो, आणि तो लिहून ठेवणारा अशा वेळी जागा होतो की तेव्हा पटवाऱ्याला विचारायची सोयच नसते.

वावराच्या हद्दीचा दगड आठवा. दगडाला स्वतःची काही किंमत नाही. पण त्याच्यापासून अंतरं मोजून नकाशे काढलेले असतात, ते नकाशे भूमी अभिलेखच्या कचेरीत असतात, शेजारच्या गटाची मोजणीही तिथूनच होते. तो चार हात सरकवला तर सरकवणाऱ्याच्या वावरात काही बिघडलेलं दिसत नाही, पण पुढची प्रत्येक मोजणी चुकते. म्हणून दगड हलवणं गुन्हा आहे. पुसद तालुका एकेकाळी वाशीम जिल्ह्यात होता. १९०५ साली तो जिल्हा मोडला आणि पुसद यवतमाळकडे आलं. १९५६ साली नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं, १९६० साली महाराष्ट्रात. दप्तरांवरची नावं तीनदा बदलली, दगड तिथेच राहिले.

डिस्कवरचा पहिला असा दगड म्हणजे दप्तर स्वतः. प्रत्येक फाइलचा पत्ता एमएफटीत मिळतो, पण एमएफटीचा पत्ता कुठे मिळणार? तो ड्राइव्हच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, बूट सेक्टरमध्ये, आकड्यात लिहिलेला असतो. संगणक सुरू होताना विंडोज अजून आलेलं नसतं, पटवारी कामावर नसतो, तेव्हा एक छोटासा प्रोग्राम तो आकडा वाचतो आणि थेट त्या घरापाशी जातो. बूट सेक्टर पहिल्याच जागी असायला हवा, त्यावर तर चर्चाच नाही. एमएफटीचा नंतर वाढलेला भाग एक्सपीपासून हलवता येऊ लागला, पण सुरुवातीचा तुकडा जागीच राहतो.

एमएफटीच्या पहिल्या काही नोंदींची एक प्रतही ठेवलेली असते. तिचं नाव मिरर, म्हणजे आरसा. जुन्या विंडोजने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर ही प्रत बरोबर मध्यावर असायची. त्यामागचा विचार मला फार आवडतो. तबकडीवर एका जागी ओरखडा पडला तर मूळ आणि प्रत दोन्ही एकदम जाऊ नयेत, म्हणून त्यांना एकमेकांपासून लांब ठेवलं. घरातली कागदपत्रं एका ट्रंकेत आणि त्यांची प्रत मामाकडे, तसंच. या आरशाचा पत्ताही बूट सेक्टरमध्येच असतो. त्याची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

दुसरा दगड पेजफाइल. रॅम कमी पडली की विंडोज तिच्यातला काही मजकूर तात्पुरता डिस्कवर उतरवून ठेवतं, त्या जागेला पेजफाइल म्हणतात. एक्सपीत ती रॅमच्या दीडपट आकाराने सुरू व्हायची, म्हणजे २५६ एमबी रॅम असेल तर ३८४ एमबी. आता अडचण बघा. उतरवलेला मजकूर परत आणायचा तर पेजफाइलचा पत्ता हवा. पत्ता पटवाऱ्याकडे. पण पटवाऱ्याचंच एखादं पान पेजफाइलमध्ये उतरवलेलं असलं तर? कपाटाची किल्ली कपाटातच राहिली. म्हणून विंडोज सुरू होतानाच पेजफाइलच्या सगळ्या घरांचे पत्ते वाचून रॅमच्या कधीही न उतरवल्या जाणाऱ्या कोपऱ्यात ठेवून देतं. त्यानंतर संगणक बंद होईपर्यंत त्या यादीवरच काम चालतं. कोणी पेजफाइल हलवायला अर्ज केला तर फाइल सिस्टिम सरळ नकार देते, कारण ती हलली तर विंडोज त्या जुन्या जागी, जिथे आता कदाचित कुणाचं दहावीचं प्रमाणपत्र असेल, तिथे आपला मजकूर लिहून मोकळं होईल.

हीच यादी आणखी एका वेळी कामी येते. संगणक कोसळतो, निळा पडदा येतो, तेव्हा रॅममधला मजकूर तपासासाठी डिस्कवर लिहून ठेवला जातो. कोसळलेल्या घरात पटवाऱ्यावर भरवसा ठेवता येत नाही, कदाचित त्याच्यामुळेच कोसळलं असेल. म्हणून आधीच लिहून ठेवलेल्या पत्त्यांवर, अगदी साध्या वेगळ्या ड्रायव्हरकरवी, थेट सेक्टरवर लिहिलं जातं.

हायबरनेशनची फाइलही याच घराण्यातली. बॅटरी संपत आली की लॅपटॉप रॅममधला मजकूर या फाइलमध्ये उतरवतो आणि विझतो. त्या वेळी बाकी सगळं थांबवलेलं असतं, तेव्हा पत्ते आधीच नोंदवलेले हवेत. विंडोज ७ मध्ये ही फाइल रॅमच्या ७५ टक्के असते, ४ जीबीला ३ जीबी. डिस्कच्या मधोमध ३ जीबीचा न हलणारा खडक म्हणजे भोवतीच्या फाइलींना सलग जागा मिळणं कठीणच. जिथे हायबरनेशन कुणी वापरतच नाही, अशा डेस्कटॉपवर ते बंद करून टाकावं, फाइल आपोआप जाते. पेजफाइलचा आकार किमान आणि कमाल सारखाच ठेवावा, तोही नवीन फॉरमॅट केलेल्या डिस्कवर, म्हणजे ती वाढत-वाढत तुकड्यांत पसरत नाही. एवढं केलं तरी निम्मं काम झालं.

लिनक्सच्या जुन्या यंत्रांवरही हाच प्रकार होता. लिलो नावाचा बूट लोडर कर्नेलची घरं आपल्या यादीत लिहून ठेवायचा. कर्नेलची फाइल बदलली आणि लिलो पुन्हा चालवायचा विसरला की संगणक उठायचा नाही.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे लिहितो, कारण ती वाचून कुणाचा तरी हात थांबेल. डॉसचे दिवस होते. १९९३ साली एमएस-डॉस ६ बरोबर डीफ्रॅग नावाचा प्रोग्राम आला होता, त्याच्या नकाशात न हलणाऱ्या घरांवर फुली असायची. एका दुकानदाराच्या संगणकावर अशा फुल्या बऱ्याच होत्या. लपवलेल्या आणि सिस्टिम अशी खूण असलेल्या फाइलींना डीफ्रॅग हात लावत नाही हे मला माहीत होतं, का लावत नाही हे माहीत नव्हतं. नकाशा स्वच्छ दिसावा म्हणून मी त्या फाइलींवरच्या खुणा काढून टाकल्या आणि डीफ्रॅग चालवला. फुल्या गेल्या, घरं एका ओळीत आली, मी समाधानाने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदाराचा हिशेबाचा प्रोग्राम सुरू होईना. तो आपली मूळ फ्लॉपी मागत होता. त्या काळी नकला होऊ नयेत म्हणून काही प्रोग्राम डिस्कच्या ठरावीक जागी एक लपवलेली फाइल ठेवायचे आणि दर वेळी नाव न बघता ती जागाच तपासायचे. फाइल शाबूत होती, एक अक्षर बदललेलं नव्हतं, फक्त ती आता दुसरीकडे राहत होती. दिवाळी तोंडावर आलेली. ते गृहस्थ आठ दिवस हातानं खतावणी लिहीत बसले आणि मला एक शब्द बोलले नाहीत. त्या फुल्यांचा अर्थ मी त्या आठ दिवसांत शिकलो.

आता कुणी विचारेल, नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असताना हे सगळं कशाला शिकायचं? प्रश्न रास्त आहे. एसएसडीत तबकडी नाही, डोकं नाही, उडी मारायला वेळ लागत नाही. तिच्यावर डीफ्रॅगमेंटेशन करू नये, त्याने फायदा होत नाही आणि लिहिण्याची मर्यादा असलेल्या पेशी विनाकारण झिजतात. विंडोज ७ पासून ठरलेल्या वेळी होणाऱ्या डीफ्रॅगमधून एसएसडी वगळली जाऊ लागली. पण एसएसडीच्या आत डोकावलं तर तिथे आणखी एक पटवारी बसलेला आहे. पेशी सारख्या झिजाव्यात म्हणून तिचा कंट्रोलर मजकूर सतत इकडून तिकडे नेत असतो आणि त्याची स्वतःची नोंदवही ठेवतो. विंडोजला वाटतं पेजफाइल अमुक घरात स्थिर आहे. ते घर फक्त आकडा आहे, मजकूर आत केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो. विंडोज ज्या फाइलला हात लावू शकत नाही तीही तिथे बिनदिक्कत हलते, कारण तिथे प्रत्येकाला त्या आतल्या पटवाऱ्याला विचारूनच पुढे जावं लागतं. त्याला चुकवून थेट जाणारा कुणी नाही. वर सांगितलेलं कारण खरं आहे की नाही याची याहून चांगली परीक्षा मला सापडली नाही.

आणि न हलणाऱ्या फाइलींचा त्रास आजही दर आठवड्याला दुकानात येतोच, फक्त वेगळ्या रूपात. "डी ड्राइव्ह करून द्या" हे त्याचं नाव.

एका शाळेचा संगणक होता. ५०० जीबीची डिस्क, सगळी एकच सी ड्राइव्ह, त्यातली जेमतेम ६० जीबी भरलेली. मुख्याध्यापकांना निकालपत्रकं आणि शिष्यवृत्तीची कागदं वेगळ्या ड्राइव्हवर हवी होती. विंडोज बिघडून पुन्हा टाकावं लागलं तर ती वाचावीत, हा त्यांचा हिशेब अगदी बरोबर होता. विंडोजमध्येच ड्राइव्ह आक्रसण्याची सोय आहे. ती उघडली तर तिने निम्म्याच्या आसपास जागा देऊ केली, त्याहून एक एमबी जास्त नाही. ४४० जीबी रिकामी असताना! बॅचमधली दोन मुलं माझ्याबरोबर होती. त्यांना म्हटलं, अंदाज करू नका, इव्हेंट व्ह्यूअर उघडा. ॲप्लिकेशनच्या नोंदींत २५९ क्रमांकाची नोंद शोधा. आक्रसताना कुठे अडलं, शेवटची न हलणारी फाइल कोणती, तिचं नाव विंडोज स्वतः तिथे लिहून ठेवतं. पुष्कळदा तिथे पेजफाइल किंवा हायबरनेशनची फाइल निघते, कधी सिस्टिम रिस्टोअरच्या प्रती. त्या तात्पुरत्या बंद करून, संगणक पुन्हा सुरू करून, ड्राइव्ह आक्रसून, मग परत चालू करता येतात. त्याची पायरीवार कृती तिसऱ्या प्रकरणात आहे. या वेळी नोंदीत नाव होतं मिररचं. डिस्क मुळात एक्सपीच्या काळात फॉरमॅट केलेली होती, नंतर तिच्यावरच विंडोज ७ चढवलेलं. आरसा बरोबर मध्यावर बसला होता, आणि तो बंद करता येत नाही.

मुलांनी विचारलं, मग आता?

मग ज्यांच्याजवळ पत्ता लिहिलेला आहे त्या सगळ्यांना झोपलेलं असताना गाठायचं. आधी शाळेची कागदं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतली, ही पायरी कुणीही गाळू नये. मग पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने संगणक सुरू केला. आता शाळेचं विंडोज जागंच नव्हतं, त्याच्या पत्त्यांची कोणतीही यादी रॅममध्ये नव्हती. आरशाचा पत्ता लिहिलेली एकच जागा उरली होती, बूट सेक्टर. मी मुलांना तो सेक्टर आकड्यांत उघडून दाखवला. सुरुवातीपासून शून्य धरून मोजलं तर ४८ व्या बाइटपासूनचे आठ बाइट म्हणजे एमएफटीचा पत्ता, ५६ व्या बाइटपासूनचे आठ बाइट म्हणजे आरशाचा. मुलांनी दुसरा आकडा वहीत लिहून घेतला. मग लिनक्समधल्या जीपार्टेड या प्रोग्रामला ड्राइव्ह लहान करायला सांगितलं. त्याने आरसा उचलून अलीकडे आणला आणि ड्राइव्ह कापली. पुढच्या वेळी विंडोजने आपली डिस्क तपासून घेतली आणि ते नेहमीसारखं उठलं. डी ड्राइव्ह तयार झाली.

संध्याकाळी क्लासमध्ये परत आल्यावर त्यांतला एक जण वही घेऊन आला. निघायच्या आधी त्याने बूट सेक्टर पुन्हा उघडून बघितला होता. ५६ व्या बाइटपाशी आता दुसराच आकडा होता, आणि त्याने तो जुन्या आकड्याखाली लिहून आणला होता.

पुसद, जिल्हा यवतमाळ